कांद्यावरचे पिवळे फुलकिडे : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५, पुणे

६ जानेवारी, शिवाजीनगर

काम ठरलं. खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या कांदा, मिरची आणि कलिंगडावरचे फुलकिडे गोळा करायचे, स्लाइड करायच्या आणि प्रत्येक स्लाइडवर जातीचं नाव घालायचं. शेतात या सगळ्यांना 'थ्रिप्स' हे एकच नाव आहे, दुकानात औषधही त्याच नावावर मागितलं जातं. आमच्या वाट्याला निदान चार जाती येतील: कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी, वेलवर्गीय पिकांवरचा थ्रिप्स पामी, मिरचीवरचा जुना सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस, आणि २०२१-२२ च्या हंगामात आंध्र, तेलंगण, कर्नाटकातल्या मिरचीची धूळधाण करणारा थ्रिप्स पार्व्हिस्पायनस.

हा फरक कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. टॅबॅसी कांद्यात आयरिस यलो स्पॉट विषाणू पसरवतो. पामी भुईमुगातल्या शेंडेमरचा आणि कलिंगडाचे शेंडे वाळवणाऱ्या विषाणूचा वाहक आहे. हे विषाणू फुलकिड्याच्या अंगात शिरतात ते फक्त पिल्लू असताना. प्रौढानं रोगट झाडाचा कितीही रस प्यायला तरी तो नव्यानं वाहक होत नाही. म्हणजे कोणत्या पिकावर कोणत्या जातीची पिल्लं वाढतात हे कळलं तरच रोग कुठून येतोय ते सांगता येईल. आणि जात कळायला मिलिमीटरभर किड्याच्या अंगावरचे केस मोजावे लागतात.

१३ जानेवारी, खेड तालुका

वाकडेवाडीहून पहाटेची एसटी. राजगुरुनगरला उतरले तेव्हा बोटं इतकी गारठली होती की ब्रश धरवेना. उद्या संक्रांत, त्यामुळे शेतात माणसं कमी. रांगडा कांदा काढणीला आलाय, पातीवर चांदीसारखे पांढुरके चट्टे.

कांद्यावर फुलकिडे वरच्या पातीवर शोधून सापडत नाहीत. ते आत, जिथे कोवळ्या पाती एकमेकींना चिकटून निघतात त्या बेचक्यात दडलेले असतात. मी पाती हलक्या हातानं फाकवून पांढऱ्या ताटलीवर झटकत होते आणि अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलून कुपीत सोडत होते. शेतमालक बघत होते. म्हणाले, "ताई, अख्खं वावर भरलंय, आणि तुम्ही एकेक वेचताय!" पण एकेकच वेचावा लागतो. चिमटीत धरला तर मिशा तुटतात, आणि मिशीचे सांधे मोजता आले नाहीत तर तो नमुना अर्धा गेलाच.

सहा कुपी भरल्या. प्रत्येकीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

१७ जानेवारी

पहिल्या बारा स्लाइड लावल्या. दिवस त्यातच गेला.

फुलकिडा आधी पाच टक्के कॉस्टिक सोड्यात ठेवायचा, म्हणजे आतला मांसल भाग विरघळून नुसतं कवच उरतं. मग पाणी, मग चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, शेवटी लवंगाचं तेल. तेलात गेला की तो काचेसारखा पारदर्शक होतो. तेरा मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिपवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेचा थेंब घ्यायचा, त्यात किडा पोट वर करून ठेवायचा, काडीला खोचलेल्या बारीक सुईनं पंख बाजूला काढायचे, मिशा सरळ करायच्या. मग स्लाइड उलटी धरून थेंबाला टेकवायची आणि सुलटी करायची. आता पाठ वर येते. त्यानंतर ओव्हनमध्ये आठवडे.

बारापैकी चार बिघडल्या. एकात बुडबुडा नेमका डोक्यावर. दोनांत पंख पोटावर दुमडले गेले, त्यामुळे पाठीच्या पट्ट्या झाकल्या. चौथ्यात मी कव्हरस्लिप दाबली आणि छाती फाटली. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "दाबायचं नाही. बाल्सम आपला आपण पसरतो, तेवढा वेळ त्याला दे."

खोलीभर लवंगेचा वास. घरी गेल्यावर आईनं विचारलं, दात दुखतोय का.

२४ जानेवारी

आठही स्लाइड टॅबॅसीच्या. अंग तपकिरी, मिशा सात सांध्यांच्या, पंखाच्या पहिल्या शिरेवर टोकाकडच्या अर्ध्या भागात बहुतेकांना चार केस. अवघड काही नव्हतं. वेळ गेला तो पाठीच्या दुसऱ्या पट्टीवर.

पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या पाठीकडच्या पट्टीला कडेला, प्रत्येक बाजूला, टॅबॅसीत तीन केस असतात आणि पामीत चार. पण दुसरी पट्टी कुठली हेच मला दोन दिवस कळत नव्हतं. पहिला खंड आखूड असतो आणि छातीच्या मागच्या भागाला इतका चिकटलेला की कधी तो छातीतच धरला जातो, कधी मोजायचाच राहतो. मी तिसऱ्या पट्टीचे केस मोजत बसले होते.

मॅडमनी उलटं मोजायला शिकवलं. शेपटीकडून सुरुवात करायची. टोकाचा दहावा, त्याच्या आधीचा लांब केसांचा नववा, आणि त्याच्या आधी आठवा. आठव्याच्या मागच्या कडेवर बारीक दातांची अखंड फणी असते, शिवाय पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक तिरकी छोटी फणीही दिसते. तशाच तिरक्या फण्या सातव्या, सहाव्या, पाचव्यावरही असतात. आठवा एकदा पक्का झाला की पुढे सरकत दुसऱ्यापर्यंत यायचं. आता हात बसलाय.

या फण्या आणि फिकट केस दिसायला मायक्रोस्कोपचा कंडेन्सर, म्हणजे खालून उजेड एकवटणारा भाग, थोडा बंद करावा लागतो. बाल्सम आणि किड्याचं कवच यांतून प्रकाश जवळपास सारखाच वाकतो, त्यामुळे भरपूर उजेडात केस विरून जातात. उजेड कमी केला की एकेक उठून दिसतो. पारदर्शक गोष्टीही ठळक दाखवणारा फेज कॉन्ट्रास्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो मायक्रोस्कोप आठवड्यातून दोन दिवसच आपल्या वाट्याला.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ उठलेच नाही. फुलकिड्याच्या तोंडात जबडा एकच असतो, डावा. उजवा अंड्यातच जिरून जातो. त्या एका डाव्या सुळ्यानं तो पातीला भोक पाडतो आणि मग नळीसारखे अवयव आत घालून पेशी रिकाम्या करतो. कांद्याच्या पातीवरचा प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे रिकाम्या पेशींत शिरलेली हवा.

६ फेब्रुवारी

मिरचीचे नमुने, मंचरजवळच्या दोन शेतांतून. शेतकरी 'बोकड्या' म्हणून दाखवत होते, पानं होडीसारखी वर वळलेली.

इथे गोंधळ कमी आहे. डॉर्सालिसच्या मिशा आठ सांध्यांच्या, मानेमागच्या पट्टीवर एकमेकींना खेटून आडव्या रेषा, आणि पोटाच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना मखमलीसारखी दाट लव. पार्व्हिस्पायनसला मिशीचे सांधे सात. पोट तपकिरी, डोकं आणि छाती नारिंगीकडे झुकणारी, पंख गडद पण मुळाशी फिकट. पहिल्या शिरेवर केसांची ओळ सलग, मध्ये खंड नाही. आठव्या खंडावर अखंड फणी नाही. पोटाच्या खालच्या बाजूला पट्ट्यांच्या मध्यभागी जास्तीचे केस, जे टॅबॅसीत आणि पामीत नसतात. लहान पिवळे नरही सापडले. कांद्यावर मात्र आजवर एकही नर दिसलेला नाही. टॅबॅसीच्या माद्या बहुतेक ठिकाणी नराशिवायच माद्या जन्माला घालतात.

एकूण एकोणीस स्लाइड. चौदा डॉर्सालिस, पाच पार्व्हिस्पायनस. पुढे.

२८ मार्च, खेड तालुका

मधले सात आठवडे जुन्या स्लाइड वाळवण्यात आणि तक्ते भरण्यात गेले.

आज उन्हाळ कांदा. जानेवारीतल्याच शेतमालकांचं दुसरं वावर, कांद्याला लागून कलिंगड. ऊन इतकं की ताटलीवर पडलेला किडा दोन सेकंदांत पळतो. कांद्यातून वीस नमुने घेतले आणि चपापले. सगळे पिवळे. जानेवारीतले तपकिरी होते, हे हळदीसारखे.

कलिंगडाच्या काही वेलांचे शेंडे वाळलेत. शेतमालक मामा काळजीत होते. "कांद्यातनं कलिंगडात येतंय का हे?" मी किड्याचा रंग पाहिला होता, बाजूला वाळलेले शेंडे दिसत होते, आणि पिवळा म्हणजे पामी हे डोक्यात पक्कं होतं. मी म्हणाले, "तसंच दिसतंय. ही जात वेगळी वाटते, कलिंगडाचा रोग पसरवणारी."

१ एप्रिल

वीसपैकी चौदा कॉस्टिकमध्ये घातले. रात्रभर.

४ एप्रिल

सविस्तर लिहिते.

पहिली स्लाइड लावली तीच पामीची ओळख पक्की करायला. छातीच्या शेवटच्या भागाच्या पाठीवर, मेटानोटमवर, पामीला दोन बारीक गोल संवेदी खळ्या असतात. काचेवर सुईचं टोक टेकवल्यासारख्या, मध्यरेषेच्या दोन बाजूंना. मी चाळीसच्या भिंगाखाली फोकस वर-खाली करत राहिले. खळ्या नाहीत. वाटलं, कवच कमी साफ झालंय. दुसरी स्लाइड घेतली, तिच्यातही नाहीत. तिसरीतही नाहीत.

मग दुसरी पट्टी, शेपटीकडून मोजत. डाव्या बाजूला तीन केस. उजव्या बाजूला तीन. पुन्हा मोजले, कारण एखादा केस तुटला असेल तरी त्याची खोबण राहते, गोल कडं दिसतं. चौथी खोबण नव्हती.

मेटानोटमवरच्या रेषा पामीत मागे जाताना एकमेकींकडे वळतात. इथे त्या मध्यभागी वेड्यावाकड्या उभ्या जाळीसारख्या होत्या. आणि पोटाच्या पाठ आणि खालच्या बाजू यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांवर केसाळ लवेच्या ओळी. ही खूण टॅबॅसीची. या गटात इतकी ठाम खूण दुसरी क्वचितच मिळते.

पंखावरचे केस मात्र दिशाभूल करणारे निघाले. टॅबॅसीत टोकाकडे चार हे बहुतेकदा, पण दोनपासून सहापर्यंत काहीही असू शकतं. पामीत तीन. माझ्या चौदांपैकी पाचांना तीनच होते. नुसता पंख पाहिला असता तर ते पाच मी पामीत टाकले असते.

आता डोळे पाहायचे म्हटलं. फुलकिड्याच्या डोक्यावर दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मध्ये तीन साध्या डोळ्यांचा त्रिकोण असतो. पामीत त्यांच्या कडांचा रंग लाल, टॅबॅसीत राखाडी. शरीराचा रंग बदलला तरी हा रंग बदलत नाही. पण चौदाही स्लाइडवर त्या त्रिकोणात काहीच नव्हतं, पारदर्शक काच. कॉस्टिकनं रंगद्रव्य धुऊन नेलं होतं. किडे अल्कोहोलमध्ये असताना बायनॉक्युलर मायक्रोस्कोपखाली एक मिनिट दिलं असतं तर मला हे २८ तारखेलाच कळलं असतं.

कुपीत सहा शिल्लक होते. वॉच ग्लासमध्ये ओतले, बाजूनं दिवा लावला. पिवळं डोकं, आणि त्यावर पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारखे तीन राखाडी ठिपके. सहाही जणांचे राखाडी.

वीसच्या वीस टॅबॅसी.

५ एप्रिल

मॅडमना स्लाइड दाखवल्या. त्यांनी चार स्वतः मोजल्या आणि मान हलवली. पिल्लू ज्या तापमानात वाढतं त्यावर टॅबॅसीच्या प्रौढाचा रंग ठरतो: थंडीत गडद तपकिरी, उन्हाळ्यात पिवळा. खेडच्या वावरात जानेवारीच्या गारठ्यात वाढलेली पिढी आणि मार्चच्या उन्हात वाढलेली पिढी रंगानं दोन जाती वाटाव्यात इतकी वेगळी दिसते.

भारतातल्या फुलकिड्यांचा मोठा अभ्यास टी. एन. अनंतकृष्णन यांनी मद्रासच्या लोयोला कॉलेजात केला, आणि थ्रिप्स प्रजातीतल्या इथल्या जाती जे. एस. भट्टी यांनी १९८० मध्ये नीट लावून दिल्या. या कामात रंगापेक्षा केस, खळ्या आणि रेषा यांना एवढं वजन का, ते मी वाचलं होतं. काल ते पहिल्यांदा हाताला लागलं.

हेही आज वाचलं: टॅबॅसीचं वर्णन लिंडेमन यांनी १८८९ मध्ये केलं ते तंबाखूवरच्या किड्यांवरून, नावही त्यावरूनच. आणि कार्नी यांनी १९२५ मध्ये पामीचं वर्णन केलं तेही तंबाखूवरच्याच, सुमात्रा आणि जावाकडच्या नमुन्यांवरून. दोघांचंही पहिलं वर्णन एकाच झाडावरच्या किड्यांवरून झालं. तेव्हा कोणत्या पिकावर सापडला यावरूनही जात ठरवायची नाही.

मॅडमना विचारलं, मामांना फोन करू का. त्या म्हणाल्या, "फोन नको. जाऊन सांग."

९ एप्रिल, खेड तालुका

गेले. कांद्याच्या माना पडल्या होत्या, काढणी चार-सहा दिवसांवर. मामांनी माझ्या बोलण्यावरून ३० तारखेला अख्ख्या कांद्यावर फवारणी केली होती. कांदा पोसून झालेला, त्याला तिची गरज नव्हती. कलिंगड वाचावं म्हणून केलेला तो खर्च होता.

मी सांगितलं की माझी ओळख चुकली होती, कांद्यातला किडा कांद्याचाच आहे, कलिंगडाचे शेंडे वाळवणारा तो नाही. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं आलीस. मग कलिंगडात कुठला हाय, ते तर बघ." मामींनी चहा दिला. कलिंगडाच्या तीन ओळींतून, वाळलेल्या आणि चांगल्या वेलांवरून वेगवेगळ्या कुपी भरल्या. बांधावरच्या कारल्याच्या फुलांतूनही घेतले.

यावेळी बायनॉक्युलर सोबत नेला होता. प्रत्येक किड्याच्या साध्या डोळ्यांचा रंग ओट्यावर बसूनच नोंदवला.

१७ एप्रिल

कलिंगडातले तेवीस. एकोणीसांचे साधे डोळे लाल. स्लाइडवर मेटानोटमच्या खळ्या स्पष्ट, दुसऱ्या पट्टीवर दोन्हीकडे चार-चार केस, बाजूच्या पट्ट्यांवर लव नाही. हे पामी. उरलेले चार टॅबॅसी, शेजारच्या कांद्यातून आलेले. त्यांचे तीन केस, राखाडी डोळे.

वाळलेल्या वेलांच्या कुपीतल्या पिल्लांवरून जात मला सांगता येत नाही, पण त्याच वेलांवरचे प्रौढ पामी आहेत. मामांना फोनवर एवढंच सांगितलं: रोगट वेल उपटून लांब पुरा, पिल्लं त्यांच्यावर वाढू देऊ नका. फवारणीचं नाव मी घेतलं नाही. विषाणू घेऊन बसलेला प्रौढ नव्या वेलावर थोडा वेळ रस शोषतो आणि तेवढ्यात काम होऊन जातं.

कारल्याच्या फुलांतल्या पाचांनी पुन्हा थांबवलं. पिवळे, लाल साधे डोळे, मेटानोटमवर खळ्या. पामीच म्हणणार होते. पण डोक्यावर त्या तीन डोळ्यांजवळ केसांची एक जोडी असते. पामीत ती त्रिकोणाच्या बाहेर असते. यांच्यात ती आत होती, पुढच्या डोळ्याच्या मागे. मग तिसऱ्या-चौथ्या पट्टीवरचे केस पाहिले. कडेकडून दुसरा आणि तिसरा केस पामीत सारखेच गडद आणि जवळपास सारख्याच लांबीचे असतात. इथे दुसरा फिकट आणि बारीक. थ्रिप्स फ्लेव्हस. फुलांत राहणारा.

फ्लेव्हसची पहिली स्लाइड मॅडमनी मागून घेतली. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना पामी शेजारी ठेवून दाखवायला.

६ मे

तक्ता पूर्ण होत आलाय. जात ठरली नाही अशा तीन स्लाइड, तिन्हींची डोकी खराब. त्यांच्यावर 'थ्रिप्स, जात अनिश्चित' असंच लिहिलं.

कांद्यातल्या टॅबॅसीबद्दल मॅडमशी बोलणं झालं. केसांनी आणि खळ्यांनी टॅबॅसी पामीपासून वेगळा होतो, पण टॅबॅसीच्या आतच मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून वेगवेगळे वंश निघतात आणि अंगावर त्यांची एकही खूण सापडत नाही. मायक्रोस्कोप तिथे थांबतो. म्हणून २८ मार्चच्या कुपीतले उरलेले सहा कॉस्टिकमध्ये घातले नाहीत. पंचाण्णव टक्के अल्कोहोल बदलून फ्रीजमध्ये ठेवले, वरच्या कप्प्यात, निळ्या झाकणाची कुपी. डीएनए काढायची वेळ येईल तेव्हा तीच लागेल.

नोंदवहीच्या छापील तक्त्यात नवा रकाना पहिलाच घातला: 'साध्या डोळ्यांचा रंग, कॉस्टिकच्या आधी'. जुन्या बारा आणि चौदा स्लाइडसमोर तो रिकामा आहे. तो तसाच राहणार.

२७ मे

दोन आठवडे पाऊस, आता मोसमीही आला. शेतात फुलकिडे धुऊन गेलेत. मामांचा फोन होता: वेल उपटले त्या ओळी सोडून बाकीचं कलिंगड निघालं, आणि कांदा चाळीत आहे. विचारत होते, खरिपात मिरची लावतोय, रोपं आली की बघायला येशील का. हो म्हणाले.

हवेत इतका दमटपणा आहे की बाल्सम वाळत नाही. ओव्हनमध्ये अजून बावीस स्लाइड, अडतीस अंशांवर. बॉक्स क्रमांक तीन.